लाकडाचं लोखंड

माझ्या हातचा लाकडी गोळा सपाट जमिनीवर ठेवला तर तो जागचा हलत नाही. हलला, तर जमीन चुकली असं समजावं. हे मी म्हणत नाही, आमच्या भागातले गवंडी म्हणायचे. नव्या घराची फरशी बसवली की ते माझ्याकडून एक गोळा मागून न्यायचे, खोलीच्या मधोमध ठेवायचे, आणि तो ज्या बाजूला धावेल त्या बाजूच्या माणसाला फैलावर घ्यायचे. मी जन्मभर कातारी होतो. लेथवर लाकूड फिरवायचं आणि पटाशीने गोल कातायचं, हा धंदा. पलंगाचे पाय, जिन्याच्या कठड्याचे खांब, दाराच्या मुठी, भोवरे, जे म्हणाल ते. आणि मेण चोळल्याशिवाय एकही नग मी लेथवरून उतरवला नाही. फिरत्या नगावर मेणाची वडी टेकवायची, वरून फडकं दाबायचं. मग लाकूड असं चकाकतं, की त्यावर बसलेल्या माशीने घसरून कंबर मोडून घ्यावी.

ही फुशारकी आधीच मारून ठेवतो. कारण पुढे जे काही झालं, ते या गोलाईमुळे आणि या मेणामुळे. लाकडाची काही चूक नव्हती.

माझ्या नातीला घरात भिंगरी म्हणतात. चालायला लागली तेव्हापासून ती माझ्या लेथभोवती गरगर फिरायची, म्हणून भिंगरी. मला अक्षरं तिनेच शिकवली. माझी साठी उलटली होती आणि ती पहिलीत होती. शाळेतून आली की ती माझ्या शेडमध्ये भुशात बसकण मारायची, मला समोर बसवायची आणि दिवसभरात बाईंनी तिला जे जे केलं ते ते सगळं मला करायची. पट्टीसुद्धा. ‘ळ’ उलटा काढला म्हणून कोपऱ्यात तोंड करून उभा राहिलेला, पांढऱ्या मिशांचा विद्यार्थी तुम्ही पाहिला नसेल. आमच्या शेडमध्ये तो आठवड्यातून दोनदा तरी दिसायचा.

ती दुसरीत गेली, मीही गेलो. तिसरीचे धडे आम्ही एकाच पुस्तकावर डोकं घालून वाचले. मग मुलाने बसच्या शेवटच्या थांब्याजवळ घर घेतलं. कामाला जवळ, मुलीच्या शाळेला जवळ, हवा मोकळी. नाव ठेवायला जागाच नव्हती, मी शोधून पाहिली. सुरुवातीला भिंगरी दर रविवारी यायची. मग एक रविवार सोडून. मग फोनवर "आजोबा, परीक्षा आहे." मग फोनवर नुसतं "हं." ती वर्गामागून वर्ग चढत गेली आणि माझं शिक्षण चौथीत अडकलं ते अडकलंच. पुस्तक घेऊन मी एकटा बसायचो, पण चुकलं तर कोपऱ्यात उभं करणारं कुणी नसेल तर वाचण्यात काय मजा?

अशात एका रविवारी ती न सांगता आली. उंच झाली होती. शेडच्या दारात दप्तर टाकून म्हणाली, "आजोबा, मला अणू हवाय."

"कुठल्या मापाचा?" मी विचारलं. गिऱ्हाईक काहीही मागो, कातारी आधी माप विचारतो.

तिने रसायनशास्त्राचं पुस्तक काढलं आणि लेथच्या फळीवर उघडून ठेवलं. जगातली हरएक वस्तू अणूंची बनलेली असते म्हणे. अणूच्या मधोमध केंद्रक. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले. त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन फिरतात. प्रोटॉनवर धन भार, इलेक्ट्रॉनवर ऋण भार, आणि न्यूट्रॉन कुठल्याच बाजूचा नाही.

"म्हणजे तुझा बाप," मी म्हणालो. "घरात वाद झाला की तोही कुठल्याच बाजूचा नसतो."

"आजोबा, नीट ऐका. शाळेत प्रदर्शन आहे. मला हायड्रोजनचा अणू करायचाय. एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन."

"आणि?"

"आणि काही नाही. झाला."

दोन गोळे! एवढं काम तर चहा निवायच्या आत झालं असतं. चहा पिऊन, गोळे खिशात टाकून ती पुढच्या बसने गेली असती.

"हायड्रोजन नको," मी म्हणालो.

"का?"

"किरकोळ आहे. बघणाऱ्याला वाटेल, कामचुकारपणा केला. याच्याहून मोठं काय आहे?"

"हेलियम. दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन, दोन इलेक्ट्रॉन."

"त्याच्याहून मोठं?"

"हे काय कापडाचं दुकान आहे का, अजून दाखवा म्हणायला?" पण तिने पान उलटलं. "कार्बन घ्या. सहा प्रोटॉन. लाकडात असतो हा."

"लाकडातलं लाकडात करण्यात काय कसब?" मी इकडेतिकडे पाहिलं. हातात माझी जुनी गोल पटाशी होती, धार लावून लावून निम्मी झालेली. "लोखंडात किती असतात?"

तिने बोट फिरवत शोधलं. "सव्वीस प्रोटॉन. तीस न्यूट्रॉन. सव्वीस इलेक्ट्रॉन."

मी मनात भराभर रविवार मोजले आणि माझा चेहरा उजळला. "लोखंडच करायचं. ज्या लोखंडाने जन्मभर लाकूड कातलं, ते एकदा लाकडात करून बघू."

"पण त्याला खूप रविवार लागतील, आजोबा."

"लागतील," मी जमेल तेवढा दुःखी आवाज काढून म्हणालो. "काय करणार. काम म्हटलं की आलंच."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, तुम्हांला लोखंड नकोय. तुम्हांला पोरगी हवीय."

तिचं बोलणं नेहमी भिंतीपलीकडून येतं आणि नेहमी बरोबर वर्मी बसतं. मी लेथ सुरू केला. लेथच्या आवाजात माणसाला पुष्कळ गोष्टी ऐकू न येण्याची सोय असते.

तर असे आमचे रविवार सुरू झाले. मी गोळे कातायचो, भिंगरी रंगवायची. प्रोटॉन लाल, न्यूट्रॉन नुसत्या लाकडाच्या रंगाचे, दोन्ही एकाच मापाचे, मुठीत मावतील असे. इलेक्ट्रॉन काळे, वाटाण्याएवढे, तारेत ओवायला भोक पाडलेले. रंग वाळला की नग पुन्हा लेथवर चढवायचा आणि मेण चोळायचं. हात चालू असताना ती मोठ्याने वाचायची, मग पुस्तक माझ्याकडे सरकवायची आणि मी बोट ठेवून वाचायचो. ‘केंद्रक’ वाचायला मला त्रास झाला, ‘इलेक्ट्रॉन’ वाचायला घाम फुटला. तिने पट्टी उचलली नाही. नुसती भुवई उचलली. पण बरं वाटलं.

काम लवकर उरकू नये म्हणून मी काय काय केलं ते विचारू नका. चांगले जमलेले प्रोटॉन हातात घेऊन मान हलवायचो. "हा जरा लांबट झाला."

"कुठे लांबट?" भिंगरी विचारायची.

"तुला नाही दिसायचं. डोळ्याला सवय लागते."

"काल याच गोळ्याला तुम्ही झोपाळ्यावर बसून कुरवाळत होता," भिंतीपलीकडून यायचं. "म्हणत होता, असा गोळा पुन्हा होणे नाही."

एकदा मेण लावताना भिंगरीने विचारलं, "आजोबा, हे गोळे एकमेकांना चिकटवायचेत ना? मग मेण कशाला? मेणावर सरस धरेल?"

आता, मेणावर सरस धरत नाही हे शिकाऊ कातारीलाही ठाऊक असतं. कठड्याच्या खांबाचं जे टोक खाचेत जातं, ते आम्ही कोरडंच ठेवतो. पण गोळ्याला टोक कुठे असतं? कुठली बाजू कोरडी ठेवायची आणि कुठली चमकवायची? आणि माझ्या हातचा नग बिनमेणाचा, भुरकट, शाळेभर लोकांसमोर ठेवायचा? त्यापेक्षा मी विजार न घालता गेलो असतो.

"धरेल," मी म्हणालो. "माझा सरस मगरीचा जबडा मिटवून ठेवेल."

"पण प्रोटॉन तर एकमेकांना दूर ढकलतात. सगळ्यांवर सारखाच भार असतो. मग खऱ्या केंद्रकात ते एकत्र कसे राहतात?"

"कसे राहतात?"

"माहीत नाही. पुस्तकात अजून आलेलं नाही."

"आपल्याकडे सरसाने राहतील," मी विषय मिटवला.

मग तो रविवार आला ज्या दिवशी मी त्या पुस्तकातलं एक पूर्ण वाक्य स्वतःच्या बळावर वाचलं. अणूच्या चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ते छापलं होतं. मी बोट ठेवून वाचलं, "आ-कृ-ती प्र-मा-णा-त ना-ही." वाचलं त्याचा आनंद झाला आणि अर्थ कळला तसा पारा चढला. "म्हणजे काय? माप चुकलेलं चित्र मुलांच्या हातात देतात? असा नकाशा मला कुणी दिला असता, तर मी त्याच्याच डोक्यावर गुंडाळला असता."

"त्यांचा नाइलाज आहे, आजोबा. खऱ्या प्रमाणात काढलं तर पानावर मावणार नाही."

"किती मोठं होईल असं?"

तिने खडू घेतला आणि शेडच्या फळीवर गणित मांडलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आपलं केंद्रक फुटबॉलएवढं होतंय ना? मग बाहेरचे इलेक्ट्रॉन जवळजवळ तीन किलोमीटरवर हवेत."

"म्हणजे कुठे?"

"आमच्या घराजवळ. बसच्या शेवटच्या थांब्यापाशी."

मी लेथ बंद केला.

"आणि मधे काय असतं?"

"काही नसतं. रिकामं."

"बाजार, पूल, दवाखाना..."

"अणूत दवाखाना नसतो, आजोबा. मधे नुसतं रिकामं. अणू जवळजवळ सगळा रिकामाच असतो."

मी हातातल्या इलेक्ट्रॉनकडे पाहिलं. वाटाण्याएवढा जीव, तीन किलोमीटर लांब, मधे काही नाही. "मग तो एवढ्या लांब राहून निघून का जात नाही?"

"केंद्रक त्याला स्वतःकडे ओढत असतं."

"मग जवळ का येत नाही?"

भिंगरीने नाक खाजवलं. "ते बाईंनी नीट सांगितलं नाही. पुढच्या वर्षी आहे म्हणाल्या."

"बस चुकेल हं," आतून आवाज आला.

तिला थांब्यावर सोडून मी फाटकाशी उभा राहिलो. बस सुटल्यावर वळणापर्यंत दिसते, मग पुलावर पुन्हा एकदा दिसते. एरवी मी वळणापर्यंतच बघतो. त्या दिवशी पुलापर्यंत थांबलो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सगळं एकत्र केलं. कातलेल्या खांबावर केंद्रक, भोवती तारेच्या चार कड्या, त्यांत इलेक्ट्रॉन ओवलेले. आतल्या कडीत दोन, मग आठ, मग चौदा, सगळ्यांत बाहेर दोन. सरस मी इतका ओतला होता की गोळ्यांच्या फटी बुजून गेल्या. केंद्रक असं झळकत होतं की बायकोने त्यात बघून केस सारखे केले. मग म्हणाली, "दोरीने बांधा जरा."

"अणूला कुणी दोरी बांधतं का?"

"मला काय माहीत. गाठोड्याला बांधतात."

अडाणी माणसाशी काय वाद घालायचा, असा चेहरा मी केला. चार वर्ग शिकल्याचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.

बसमध्ये अणू मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या माणसाने बराच वेळ पाहून विचारलं, "काय आहे हो हे?"

"लोखंड."

"लाकडाचं दिसतंय."

"लाकडाचंच आहे."

तो उठून मागच्या बाकावर जाऊन बसला.

शाळेत प्रदर्शन वरच्या मजल्यावरच्या लांब दालनात होतं. सवयीने मी खिशातला एक जादा गोळा फरशीवर ठेवून पाहिला. तो सरळ दाराकडे चालू लागला. "तुमची फरशी उतरती आहे," मी शिपायाला सुनावलं.

"मुद्दाम ठेवलीय," तो म्हणाला. "धुतली की पाणी आपोआप दाराबाहेर जातं. तिथून जिन्यावरून खाली."

दुसऱ्याची चूक सापडल्याच्या आनंदात मी गोळा उचलून खिशात टाकला. या उतारावर कुणाला घेऊन आलो आहे, हा विचार मात्र मनाला शिवला नाही.

माझा मुलगा दारात फोन कानाला लावून उभा होता. आमच्या शेजारच्या टेबलावर भिंगरीच्या वर्गातल्या दोन मुली गढूळ पाणी पिंपातल्या वाळूतून गाळून दाखवत होत्या. पिंपाखालच्या बादलीत थेंब थेंब पाणी पडत होतं. आमच्यापुढे मात्र गर्दी. जो तो केंद्रकात स्वतःचं तोंड बघत होता. भिंगरीचे गाल लाल झाले होते. मला कोपराने ढोसून ती हळूच म्हणाली, "आजोबा, सगळे विचारतायत कुणी केलं."

"मग?"

"मी सांगितलं, आम्ही दोघांनी."

यानंतर बक्षीस मिळालं काय आणि नाही काय. मी मिशीवरून हात फिरवून घेतला.

परीक्षक म्हणून एक निवृत्त प्राध्यापक आले होते. उंच, किडकिडीत, कानामागे पेन. सोबत विज्ञानाच्या बाई. भिंगरीने सगळं घडाघडा सांगितलं. कड्या खऱ्या नसतात, त्या समजण्यासाठी असतात, हे सांगितलं. आकृती प्रमाणात नाही हे सांगितलं आणि प्रमाणात केली तर बाहेरचे इलेक्ट्रॉन कुठे जातील तेही सांगितलं. प्राध्यापकांनी मान डोलावली.

"छान. आता मला सांग, केंद्रकातले प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. बरोबर?"

"हो सर."

"मग केंद्रक सुटं का होत नाही? कशाने एकत्र राहतं?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. आपली माणसं अडली की मला राहवत नाही.

"सरसाने," मी म्हणालो.

प्राध्यापक मनापासून हसले. "आजोबा, निसर्गात सरस नसतो." आणि त्यांनी कानामागचं पेन काढून केंद्रकावर सहज टिचकी मारावी तसं मारलं.

टक्.

मी जन्मभर लाकडाचे आवाज ऐकले आहेत. तो आवाज ऐकल्याबरोबर मला कळलं की आता काही उपयोग नाही.

सगळ्यांत आधी एक न्यूट्रॉन सटकला. कुठल्याच बाजूचे नसणारे असेच. त्याच्या मागोमाग दोन प्रोटॉन, मग पाच, मग सगळं केंद्रक, मगरीच्या जबड्यासकट. तारेच्या कड्या उसवल्या आणि इलेक्ट्रॉन मोहरीसारखे उडाले. गोळे फरशीवर पडले, क्षणभर थबकले, उतार कुठल्या बाजूला आहे ते त्यांनी बघून घेतलं आणि दाराकडे निघाले. एकही गोळा वेडावाकडा गेला नाही. एवढं मात्र सांगतो. शिस्तीत गेले.

प्राध्यापक एक पाऊल मागे सरले आणि ते पाऊल नेमकं प्रोटॉनवर पडलं. आधाराला त्यांनी खिडकीचा पडदा धरला. पडदा काठीसकट त्यांच्या अंगावर आला आणि काठीचं दुसरं टोक शेजारच्या वाळूच्या पिंपाला लागलं. पिंप आडवं झालं. गढूळ पाणी पसरलं आणि तेही गोळ्यांच्या मागून दाराकडे निघालं. दारात माझा मुलगा अजून फोनवरच होता. "नाही, इथे सगळं शांत आहे," असं काहीतरी म्हणत असताना एक न्यूट्रॉन त्याच्या अंगठ्यावर आदळला आणि तो एका पायावर नाचू लागला. मुलं ओरडली, "लोखंड सुटलं, लोखंड सुटलं!" आणि गोळ्यांच्या मागे धावली. त्याच वेळी मुख्याध्यापिका पाहुण्यांना घेऊन जिना चढत होत्या. गोळे पायरी न चुकवता टकटक उतरत होते. मुख्याध्यापिकांनी आधी डावा पाय उचलला, मग उजवा, मग दोन्ही. त्यांना उडी मारता येते हे त्या शाळेत त्या दिवसापर्यंत कुणाला माहीत नव्हतं.

मी यातलं काही बघत नव्हतो. हे सगळं मला नंतर लोकांनी सांगितलं, हौसेने, पुन्हा पुन्हा. मी भिंगरीकडे बघत होतो. ती रिकामा खांब हातात धरून उभी होती. आता ही रडणार, मला वाटलं. आता ही पुन्हा माझ्या शेडची पायरी चढायची नाही.

प्राध्यापकांनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "मुली, हे काय झालं?"

भिंगरीने रिकामा खांब टेबलावर ठेवला. "सर, ते पुस्तकात अजून आलेलं नाही."

"पुढच्या वर्षी आहे," बाई घाईघाईने म्हणाल्या आणि त्यांनी तोंडाला रुमाल लावला. खोकला होता की हसू, कळलं नाही.

बक्षीस पाणी गाळणाऱ्या मुलींना मिळालं. पिंप रिकामं होतं तरी बादलीत थोडं पाणी उरलं होतं. त्यात आमचा एक न्यूट्रॉन तरंगत होता, माझ्या मेणामुळे अगदी कोरडा.

मग आम्ही दोघं जिन्याच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून गोळे वेचत बसलो. मुलं ओंजळीतून, टोपीतून आणून देत होती. भिंगरी पिशवीत टाकत होती आणि मनातल्या मनात मोजत होती. माझ्याशी चकार शब्द नाही. माफी मागावी म्हणून मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यातून "तिकडे एक आहे बघ" एवढंच निघालं.

शेवटी ती म्हणाली, "एक इलेक्ट्रॉन कमी आहे."

"एकच?"

"एकच."

"एक गेला तर काय होतं?"

"मग त्याला अणू म्हणत नाहीत. आयन म्हणतात."

"वाईट असतं का ते?"

"वाईट नसतं," ती पिशवीचं तोंड बांधत म्हणाली. "एक कमी असतो, एवढंच."

खालून तिच्या बापाने हाक मारली. त्यांचं घर शाळेजवळच. तो लंगडत आणि ती मान खाली घालून, असे दोघे निघून गेले. मी पिशवीभर लोखंड मांडीवर घेऊन बसने परत आलो. तीन किलोमीटर. मधे बाजार, पूल, दवाखाना.

आठवडा कसा गेला ते विचारू नका. लेथवरची धूळसुद्धा पुसली नाही. बायको म्हणाली, "येईल ती."

"कशाला येईल? काम संपलं. शाळेसमोर हसं झालं ते वेगळं. जिन्यावर तोंडातून शब्द काढला नाही तिने."

"तुम्ही काढलात?"

मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

"आणि काम संपलं तरी माणसं येतात," ती म्हणाली आणि माझी प्रदर्शनातली विजार धुवायला घेऊन गेली. पाचच मिनिटांत परत आली. विजारीचा दुमडलेला काठ उलगडताना त्यातून काहीतरी पडलं होतं. काळं, वाटाण्याएवढं. तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं. "हा घ्या. सापडला तुमचा."

मी तो बराच वेळ तसाच हातात धरून बसलो. मग शेडमध्ये गेलो, लेथखाली भुशाचा ढीग होता त्यात तो टाकला आणि परत येऊन खुर्चीवर बसलो. बायकोने दारातून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ती काही बोलली नाही.

रविवारी बस आली, थांबली, गेली. मी बघितलंच नाही. म्हणजे बघितलं, पण वर्तमानपत्राच्या आडून. तेवढ्यात फाटक वाजलं.

"आजोबा, लोखंड कुठाय?"

"पिशवीत आहे. का?"

"बाई म्हणाल्या, शाळेच्या कपाटात कायमचं ठेवायचंय. मुलं रोज विचारतात. पण पूर्ण हवं. आणि या वेळी दोरी बांधून."

"मी आधीच सांगितलं होतं," भिंत म्हणाली.

भिंगरी शेडमध्ये शिरली. चप्पल दारात काढली, दप्तर नेहमीच्या खिळ्याला अडकवलं. "तो एक इलेक्ट्रॉन शाळेत सगळीकडे शोधला. नाही मिळाला. बांधतानाच इथे पडला असेल का?"

"पडला असेल. या शेडमध्ये काय हरवेल सांगता येत नाही."

"नाहीतर नवा करू. किती वेळ लागेल?"

खरं उत्तर तुम्हांला माहीत आहे. चहा निवायच्या आत. मी लांब श्वास घेतला. "नवा असा लगेच होत नाही. बाकीच्यांशी जुळायला हवा. लाकूड तेच, रंग तोच. मोठं काम आहे. आधी जुना शोधलेला बरा."

ती ओणवी होऊन फळीखाली बघू लागली. मी डब्यांमागे बघितल्यासारखं केलं. मग ती सरकत सरकत लेथपाशी आली, पायाने भुसा चाळू लागली. तिच्या अंगठ्याशेजारी काहीतरी काळं चमकलं. मेण काय उगाच चोळतो मी? भर अंधारातही दिसेल असा तो इलेक्ट्रॉन.

तिने पाहिला. मी तिला पाहताना पाहिलं. मग अंगठ्याने तिने हळूच भुसा त्याच्यावर ओढला, अजून थोडा ओढला आणि वरून पाय फिरवून सारखा केला.

"नाही हो इथे, आजोबा."

"नसेल," मी म्हणालो.

"सापडला का गं?" आतून आवाज आला.

"नाही, आजी."

भिंतीपलीकडे कपबशा वाजल्या. मग बायको म्हणाली, "राहू दे मग. पुढच्या रविवारी शोधा. चहा टाकलाय."

भिंगरी भुशात बसकण मारून बसली, नेमकी त्या जागेवर. दप्तरातून पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "पुढचा धडा. आम्ल आणि आम्लारी. वाचा."

त्या धड्यात जोडाक्षरं फार आहेत. पहिल्याच ओळीत मी दोनदा चुकलो. तिने काही न बोलता कोपऱ्याकडे बोट केलं.

तर आमचं लोखंड अजून एका इलेक्ट्रॉनने अपुरं आहे. विज्ञानाच्या बाई तुम्हांला कुठे भेटल्याच, तर एवढा निरोप द्या, की शोध चालू आहे. भुसा फार झालाय, नाहीतर केव्हाच सापडला असता. आणि लेथ बंद असताना भुसा दर रविवारी वाढतो कसा, असं त्यांनी विचारलं, तर सांगा की ते पुस्तकात अजून आलेलं नाही.